कच्चा माल अंगणात

ओलं मडकं गालाला गार लागतं, सुकलेलं लागत नाही. दोन्ही एकाच सावलीत असली, दोन्हींचा रंग डोळ्यांना सारखाच दिसत असला, तरी गालाला फरक कळतो. ओल उडून जाताना थोडी ऊब घेऊन जाते आणि ती ऊब गालाची असते. बोटांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण मातीत काम करणाऱ्याची बोटं राठ झालेली असतात. म्हणून सून रोज सकाळी शेडमध्ये एकेका रांजणाशी वाकायची, पोराचा कान धरावा तसा त्याचा काठ धरायची आणि उजवा गाल त्याच्या पोटाला लावायची.

गार. पुढचाही गार.

आभाळ धड गळत नव्हतं, धड उघडत नव्हतं. ऐन सुकवणीच्या हंगामात अशी दमट हवा पडली होती की दोरीवरचा टॉवेलसुद्धा सकाळी टाकलेला संध्याकाळी तसाच जड काढावा लागे. मोठे रांजण, पाण्याचे माठ आणि रोपवाटिकेच्या कुंड्या, सगळा माल शेडमध्ये आणि अंगणात दाटीवाटीनं उभा होता. हाक मारल्याशिवाय हलायचं नाही, असं सांगितल्यासारखा.

शेडच्या समोरच घराची बुटकी, जमिनीलगतची खिडकी होती आणि खिडकीशी सासऱ्यांची खाट. त्यांनी तिथून भुवया उंचावल्या. सुनेनं मान हलवली. अजून नाही.

त्यावर ते काहीतरी बोलले. आवाज पोचला नाही, पण ओठ वाचायची तिला आता सवय झाली होती. ते म्हणाले होते, "बरं झालं."

घरात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या अन्ननलिकेत गाठ होती. गाठ आधी बोराएवढी होती म्हणे, आता केवढी आहे ते विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आवाज बसून त्याची कुजबुज झाली होती. घट्ट काही खाली उतरत नव्हतं. चमच्यानं दूध दिलं की कंठमणी वर जाई, तिथे अडखळे, आणि दुसऱ्या खेपेला खाली येई. त्या दुसऱ्या खेपेपर्यंत चमचा धरणाऱ्यानंही श्वास धरलेला असे. ज्या माणसानं छातीएवढे रांजण एकट्यानं उचलले, त्याच्या दंडाला आता सुनेच्या हाताचा वेढा पुरत होता.

दुखण्यासाठी औषध होतं. तालुक्याहून घरोघरी फिरणारी सिस्टर ते आणून देई. लहान बाटली, सोबत मापाची नळी. किती आणि कधी द्यायचं ते तिनं सुनेला शिकवलं होतं आणि बाटली कुलपात ठेवायला सांगितलं होतं. किल्ली सुनेच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती.

गेल्या आठवड्यात एका दुपारी ती माप भरत असताना आबा म्हणाले, "हे थेंबथेंब कशाला? सगळी दे एकदाच."

ती हसली. ते हसले नाहीत.

"चेष्टा करत नाही, पोरी. तुझा हात स्थिर आहे म्हणून तुला विचारतो. वादळाला विचारलं तर तो आधी बाटली फोडेल आणि मग रडेल."

वादळ म्हणजे त्यांचा मुलगा, तिचा नवरा. लहानपणी त्याला हे नाव पडलं, कारण तो कुठूनही आला की काहीतरी पडायचं.

तिनं माप दिलं, कंठमण्याची दुसरी खेप होऊ दिली, बाटलीचं झाकण फिरवलं, नळी पुसली. एवढं करून झाल्यावर आणखी काही करायला उरलं नाही. तेव्हा तिनं खिडकीतून शेडकडे पाहिलं आणि म्हणाली, "रांजण ओले आहेत, आबा."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नसलेलं हसू होतं ते.

"माझाच दगड, माझ्याच डोक्यात," ते म्हणाले.

कच्चा माल अंगणात असताना घरातलं मोठं काही ठरवायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. तरुणपणी ते आणि त्यांचा भाऊ, भट्टी भरायच्या आदल्या दिवशी वाटणीवरून भांडले. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे न बघता भट्टी भरली आणि ओला माल कुणी भरला हे कुणालाच कळलं नाही. आतल्या आत सगळं फुटलं. एका दिवसात घर फुटलं आणि भट्टीही. तेव्हापासून माल भाजून बाहेर येईपर्यंत या घरात ना सोयरीक ठरली, ना खरेदी, ना भांडण. सुनेच्या माहेरचे लोक लग्न ठरवायला आले होते, तेव्हाही आबांनी त्यांना चहा पाजून शांतपणे सांगितलं होतं, की कुंड्या सुकायच्यात, पुढच्या पंधरवड्यात या. तिच्या वडिलांना वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला मात्र तेव्हाच हे घर आवडलं.

"ठीक आहे," आबा म्हणाले होते. "भट्टी उघडली की सांग. पण तेव्हा टाळायचं नाही."

"नाही टाळणार."

हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखा क्षणच आला नाही, असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे क्षण रोज येत होता. ती रोज गाल रांजणाला लावायची आणि गार लागलं की तिला हायसं वाटायचं. इतक्या वर्षांत ओल्या मालानं तिला कधी असं हायसं वाटलं नव्हतं.

नवऱ्याचं वेगळंच चाललं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्यानं खाट मिळवली होती. तिथे पोटाला छेद घेऊन थेट नळी बसवतात, खाणं तिथून जातं, घशाचा संबंधच उरत नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. सांगताना स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवी. भट्टी झाली की लगेच निघायचं, गाडीवाल्याशी बोलणं झालं होतं.

"आबांना विचारलंस?" तिनं एकदा म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? माणूस उपाशी मरतोय डोळ्यांदेखत. उद्या लोक म्हणतील, पोटच्या पोरानं बापाला भुकेनं घालवला."

"लोकांचं सोड."

"बरं, सोडलं. मीच म्हणेन मग. रोज आरशात बघून म्हणेन. ते कसं सोडू?" त्यानं मातीचा गोळा चाकावर इतक्या जोरात आपटला की बाजूचा माठ हलला. नियम आठवून तो गप्प बसला. माती मळताना मात्र त्याच्या कपाळावरची शीर बराच वेळ उभी होती.

मधेच एक दिवस आत्या आली. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. तोंडानं तिखट, मनानं कशी ते कुणी विचारायचं धाडस केलं नव्हतं. आल्या आल्या तिनं खाटेवरची चादर ओढून सरळ केली, उशी बडवली आणि भावाला म्हणाली, "पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाकतोस असं ऐकलं."

आबांनी दोन बोटं उडवून तिला बसायला सांगितलं.

स्वयंपाकघरात सुनेनं नळीचा विषय काढला. आत्याच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता आणि तो पोटातल्या नळीवर चार वर्षं जगला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या चार वर्षांवर आत्या तोंडसुख घेईल, अशी सुनेची अपेक्षा होती. तसं झालं नाही.

"लोकांना वाटतं मी खस्ता खाल्ल्या," आत्या म्हणाली. "खाल्ल्याच. कंबर गेली माझी त्यात. पण सकाळी मी खिडकी उघडली की तो माझ्याकडे बघून हसायचा. तोंड वाकडं व्हायचं, पण ते हसूच होतं. धडधाकट होता तेव्हा कधी हसला नव्हता मेला." तिनं कपातला चहा फिरवला. "त्याला जगायचं होतं. म्हणून नळी बरी वाटली. याला काय हवंय?"

सुनेनं गाळणीतला चोथा झटकला.

"तुला माहितीये," आत्या म्हणाली. तिनं पुढे विचारलं नाही. जाताना मात्र सुनेच्या गळ्यातल्या किल्लीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "जीव आपण दिला नाही, आपण घ्यायचा नाही, एवढं मला कळतं. त्याच्यापुढचं काही कळत नाही. कळलं असतं तर तुला सांगितलं असतं."

रांजण हळूहळू सुकत होते. हवा कोरडी होत नव्हती, पण माती हट्टानं सुकत होती. एका सकाळी सहा रांजणांपैकी चार गालाला कोमट लागले. त्या दिवशी तिच्या हातून मडकी ठोकायची थापी दोनदा पडली.

सिस्टर आली ती त्याच दिवशी. मध्यम वयाची बाई, स्कूटरवरून यायची, हेल्मेट काढलं की केस डोक्याला चिकटलेले असायचे. तिनं आबांची नाडी पाहिली, पाय दाबून सूज पाहिली, बाटलीतली पातळी पाहिली. निघताना सून तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेली आणि स्कूटरच्या हँडलकडे बघत म्हणाली, "समजा, एखाद्या घरी कुणी सगळी बाटली एकदम दिली, तर?"

सिस्टरनं हातातलं हेल्मेट परत सीटवर ठेवलं.

"हे तुम्ही विचारताय, की त्यांनी विचारलं?"

"त्यांनी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रांजण ओले आहेत."

सिस्टरला हे कळायला थोडं समजावून सांगावं लागलं. कळल्यावर ती हसली नाही. म्हणाली, मला असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. तिनं उपदेश केला नाही. बाटली सगळी द्यायला मी सांगणार नाही आणि तुम्ही दिलीत तर ते कायद्यानंही मोठं प्रकरण होईल, असं सरळ बोलली. मग म्हणाली, पण नळी नको, शहर नको, असं आबांनी म्हटलं तर ती वेगळी गोष्ट आहे. शुद्धीवरच्या माणसाला नको म्हणता येतं. त्याला कुणी उपाशी मारणं म्हणत नाही, मी तर नाहीच म्हणणार. त्या आजारात शेवटी शेवटी भूक आपोआप कमी होते. दुखणं वाढलं तर मापही वाढवता येतं, ते माझं काम. हाक मारा, मी येते.

"मग दोन्हींत फरक काय?" सून म्हणाली. "शेवट तर एकच ना."

सिस्टरनं हेल्मेट उचललं. "मला फरक वाटतो. सगळ्यांना वाटत नाही, शिकलेल्यांनाही वाटत नाही. त्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत." तिनं हेल्मेट घातलं. काच वर करून म्हणाली, "तुम्ही त्यांना एक विचारा. नक्की कशाला घाबरताय, ते विचारा. आपण धरून चालतो, दुखण्याला. प्रत्येक वेळी तसं नसतं."

भट्टी भरायच्या दिवशी आबांनी बाहेर यायचा हट्ट धरला. मुलानं खुर्ची अंगणात ठेवली आणि बापाला उचलायला दोन्ही मनगटं धरली. आबांनी हात असे हिसडून मागे घेतले की खाट करकरली. एवढं बळ त्यांच्यात उरलंय हे दोघांनाही नवीन होतं.

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

आबा दोन्ही हात छातीशी धरून बसले. शेवटी सुनेनं पाठीमागून आधार देऊन त्यांना खुर्चीत आणलं.

पण एकदा बाहेर आल्यावर त्यांचा रंग बदलला. ते कुजबुजत, सून मोठ्यानं सांगे आणि नवरा भट्टीच्या पोटात वाकून माल रचे.

"आबा म्हणतात, सगळ्यांत मोठा रांजण मागे."

"मागेच ठेवतोय."

"आबा म्हणतात, त्याला मागे म्हणत नाहीत, त्याला मधे म्हणतात."

"तू तुझ्या पदरचं घालतेस."

"आबा म्हणतात, ती नाही घालत, मीच म्हणतोय."

भट्टीच्या आतून वादळाचं हसू घुमत बाहेर आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं. जाळ सुरू झाला. आधी हलका, नुसती ऊब लागेल इतका, मग चढता. आबा धुराकडे बघत होते. पांढरा धूर म्हणजे अजून ओल निघतेय. तो विरळ होईपर्यंत त्यांनी लाकूड वाढवू दिलं नाही. मुलगा मोळ्या घेऊन अधीरपणे उभा राहिला, तेव्हा त्यांनी सुनेला जवळ बोलावून सांगितलं, की त्याला सांग, भट्टीला घास भरवायचा असतो, कोंबायचा नसतो. ते तिनं मोठ्यानं सांगितलं नाही. सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतला लाल रंग नारिंगी झाला तेव्हा आबांनी हात आडवा फिरवला. बस. लाकूड थांबलं. विटा आणि चिखल लावून भट्टीचं तोंड लिंपलं. आता कुणाच्या हातात काही नव्हतं. भट्टी आपली आपण निवायची.

तशी ती निवायला दोन दिवस तरी जातात. हवा दमट असली तर जास्तच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवाल्याचा फोन आला. त्याला दुसरं भाडं मिळालं होतं. उद्या सकाळी निघत असाल तर येतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात. सून तेव्हा आत आबांचं अंग पुसत होती. नवरा अंगणातून म्हणाला, "बघतो जरा, कितपत निवलीय," आणि ती ओला टॉवेल ठेवून बाहेर येईपर्यंत त्यानं तोंडाच्या वरच्या दोन विटा काढल्या होत्या.

आवाज मोठा नव्हता. कुणी पेल्यावर नख मारावं तेवढाच. टण्. मग थोड्या वेळानं आणखी एक. बाहेरची गार हवा आत घुसत होती आणि तोंडाजवळचा माल तडकत होता. दोघंही वाट बघत उभी राहिली, जणू तो आवाज त्यांना मोजून मिळणार होता.

तिनं नवऱ्याला दूर केलं नाही, ओरडली नाही. विटा परत लावायला हात घातला तेव्हा तळवा पोळला. मग फडक्यानं धरून लावल्या. नवरा खिडकीखालच्या खड्ड्यात चिखल मळायला बसला. त्याची मान खाली होती.

आत आबा डोळे मिटून पडले होते. ऐकू आलं नसेल असं तिला क्षणभर वाटलं.

"किती गेले?" ते म्हणाले.

"दोन कुंड्या असतील. फार तर तीन."

"मोठा रांजण?"

"तो मागे आहे. तुम्हीच ठेवायला लावलात."

त्यांनी मान हलवली. ती खाटेच्या कडेवर बसली. पोळलेला तळवा पाण्याच्या पेल्याला लावून धरला. जे बोलायचं ती इतके दिवस जुळवत होती ते आता आपोआप तोंडात आलं. ती म्हणाली, "आबा, भट्टीनं आपला वेळ घ्यावा म्हणून तुम्हीच सांगता. मग तुम्ही का घाई करताय?"

"भट्टीला दुखत नाही," आबा म्हणाले.

खरंच होतं ते. रात्री ते टॉवेल दातांत धरतात, ते तिनं पाहिलं होतं. बाहेर नवऱ्याच्या हातातला चिखल चपचप वाजत होता. तिला सिस्टरचं बोलणं आठवलं. विचारायला लाज वाटत होती. वडीलधाऱ्या माणसाला कुणी असलं विचारतं का. तरी तिनं विचारलं.

"आबा, तुम्ही घाबरता कशाला? दुखण्याला?"

त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले आणि मनगटं वर करून तिच्यापुढे धरली. तिथे काहीच नव्हतं. सुरकुत्या, निळ्या शिरा, नखांत अजूनही थोडी माती.

"मागच्या वेळी शहरात," ते म्हणाले, "नाकात नळी घातली. मला ती सोसेना, मी उपटायचो. मग हात बांधले. खाटेच्या दांडीला, पट्ट्यांनी." मधे दम लागला, ते थांबले. "नाक खाजलं तर खाजवता येईना. लघवीला लागलं तर हाक मारायची. हाक कुठली, आवाज तर असा. जन्मभर हातांनी जगलो, पोरी. पाहुणे आले की लोक आधी तोंड बघतात, माझे हात बघायचे."

"कुणी बांधले?"

"विचारलं दवाखान्यातल्यांनी बाहेर, मला ऐकू आलं. बांधू का म्हणून. वादळ म्हणाला, बांधा." ते घाईघाईनं पुढे म्हणाले, "त्याला वाटलं, नळी राहिली तर मी जगेन. माझ्यासाठीच म्हणाला. बाहेर जाऊन रडला असणार. त्याला सांगू नकोस मला माहितीये म्हणून. पण पुन्हा त्याला ते म्हणायला लागू नये. त्याच्या आधी मला सोडव."

बाहेर चिखलाचा आवाज थांबला होता. कधी थांबला, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ती उठली नाही. खिडकीतून हात घालून खड्ड्याच्या काठावरचा मऊ चिखल तिनं लिंबाएवढा घेतला आणि आबांच्या तळहातावर ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं. रडणाऱ्या पोराच्या हातात आपण काहीतरी देतो, तसं. आबांची बोटं त्याच्यावर मिटली. अंगठा आपणहून मधे गेला आणि गोळा फिरायला लागला. ती औषधाचं माप भरायला उठली तेव्हाही तो फिरतच होता.

गाडीवाल्याला नवऱ्यानं काय सांगितलं ते तिनं विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी गाडी आली नाही. नवरा दिवसभर भट्टीच्या आसपास होता, पण लिंपलेल्या तोंडाला त्यानं हात लावला नाही. मधूनमधून फक्त तळवा भिंतीशी नेऊन, न टेकवता ऊब बघायचा.

भट्टी निवली त्या सकाळी आभाळ उघडलं होतं आणि अंगणभर स्वच्छ ऊन होतं. त्या दोन आठवड्यांची सगळी ओल कुठे गेली, असं वाटावं इतकं ऊन. नवरा आबांना बाहेर आणायला गेला. सून दारात उभी होती. त्यानं मनगटांना हात लावला नाही. एक हात बापाच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला, आणि तान्ह्या मुलाला उचलावं तसं छातीशी धरून उचललं. आबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. खुर्चीत ठेवल्यावर नवऱ्यानं उगाचच खुर्चीच्या पायाखालचा दगड काढून दूर फेकला.

तोंडाजवळच्या तीन कुंड्या तडकल्या होत्या. बाकी सगळं धडधाकट निघालं. नवरा आतून देई, सून घेई, आणि प्रत्येक नग आबांच्या खुर्चीजवळ नेऊन बोटांच्या पेरांनी वाजवून दाखवी. खणखणीत. आबा डोळे मिटून ऐकत. मोठा रांजण शेवटी निघाला. दोघांनी मिळून तो बाहेर आणला आणि सुनेनं सवयीनं त्याला गाल लावला. रांजण उबदार होता, भट्टीची ऊब अजून त्याच्यात होती.

अंगण मोकळं झालं. शेडमध्ये काही उरलं नव्हतं. नवऱ्यानं हातांवरची राख झटकली.

"गाडीवाला विचारतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "काय सांगू?"

त्यानं हे बापाला विचारलं की बायकोला, ते कळलं नाही. कदाचित दोघांना. सुनेनं गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला. आबा तिच्याकडे बघत होते. टाळायचं नाही, असं ठरलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "आता कच्चा माल नाही अंगणात."

आबांनी मूठ उघडली.

त्यांच्या तळहातावर एक छोटीशी वाटी होती. घोटभर दूध मावेल एवढी, काठ पातळ आणि सरळ, एका बाजूला ओठाला लागेल अशी बारीक चोच काढलेली. चमच्यापेक्षा सोपी. ती पांढुरकी व्हायला लागली होती, पण पुरती सुकली नव्हती. त्यांनी ती उचलून स्वतःच्या खोल गेलेल्या गालाला लावली आणि मान हलवली.

"गार आहे," ते म्हणाले.

नवऱ्यानं भट्टीच्या भिंतीवर हात टेकला. हसला की हुंदका आला, ते त्यालाही ठरवता आलं नसेल. नियमाप्रमाणे आणखी एक भट्टी होईपर्यंत कुणाला काही म्हणायची गरज नव्हती. आबांनी वाट मोकळी करून दिली होती, तिला आणि स्वतःलाही. पण गाडीवाला उत्तराची वाट बघत होता. आणि ती इतके दिवस त्या नियमामागे लपली होती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"आज नियम मोडते मी," सून म्हणाली. तिनं वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि ऊन थेट लागू नये म्हणून मोठ्या रांजणाच्या सावलीत ठेवली. मग वळून दोघांच्याही तोंडाकडे बघत, एकदाच आणि मोठ्यानं म्हणाली, "गाडीवाल्याला सांग, येऊ नकोस. आबा शहरात जाणार नाहीत, नळी नाही, त्यांच्या हातांना कुणी हात लावणार नाही. आणि आबा, तुमच्या मुलासमोर सांगते, ती बाटली मी सगळी देणार नाही. दुखेल तेव्हा माप देईन, पुरलं नाही तर सिस्टरला बोलवीन, दिवस असो की रात्र, आणि तुमच्याजवळून उठणार नाही. तुमची खाट आजपासून शेडमध्ये, चाकाजवळ. आहे तेवढे दिवस तिथे राहायचं, आपल्या हातांनी."